‘विचारलं, तर तो विचार त्याच्या डोक्यात येईल ना?’

२०२३ सालच्या जूनमध्ये तिशीतल्या एक बाई माझ्याकडे आल्या, त्या स्वतःसाठी नव्हे, तर चोवीस वर्षांच्या धाकट्या भावासाठी. खुर्चीवर टेकताच त्यांनी पर्समधून घडी घातलेला एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. भावाच्या टेबलाच्या खणात तो त्यांना सापडला होता. बँकेचे खाते, विमा, मोबाइल यांचा तपशील सुवाच्य अक्षरात, एकाखाली एक लिहिलेला होता आणि शेवटी दोनच शब्द होते : ‘ताईला लागेल.’ एरवी कोणाला हात लावू न देणारा आपला कॅमेराही त्याने त्याच महिन्यात एका मामेभावाला देऊन टाकला होता. (दोघांच्या संमतीनेच हे लिहीत आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

“मॅडम, मला जे वाटतंय तेच असेल, तर त्याला विचारायला हवं, हे मला कळतं,” त्या म्हणाल्या. “पण त्याच्या मनात तसं काही नसलं आणि मी विचारल्यामुळेच आलं तर?”

आत्महत्येच्या संदर्भात मला सर्वाधिक वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच आहे. आईवडील विचारतात, शिक्षक विचारतात, क्वचित एखादे डॉक्टरही विचारतात. या भीतीचा अभ्यास संशोधकांनी वेगवेगळ्या वयोगटांत केलेला आहे आणि थेट विचारल्यामुळे आत्महत्येचे विचार निर्माण होतात किंवा वाढतात, असे त्यांना आढळलेले नाही. उलट अनेकांना विचारल्यानंतर थोडे हलके वाटते. ज्याच्या मनात तसे काही नसते तो ‘नाही’ म्हणून मोकळा होतो, आणि ज्याच्या मनात असते तो त्या विचाराबरोबर कित्येक महिने एकटा राहत आलेला असतो.

कसे विचारायचे, याला मात्र महत्त्व आहे. “मी भाऊ आहे असं समजा आणि मला विचारा,” असे मी त्यांना सांगितले. पहिल्यांदा त्या म्हणाल्या, “तू काही वेडंवाकडं करणार नाहीस ना रे?” या वाक्यात उत्तर आधीच भरलेले आहे, ऐकणाऱ्याने फक्त ‘नाही’ म्हणायचे आणि बहिणीची सुटका करायची. दुसऱ्या खेपेस त्यांनी तो शब्दच गाळला. तिसऱ्या खेपेस शब्द आला, पण त्यासोबत “आईचा तरी विचार कर” हेही आले. सहाव्या की सातव्या प्रयत्नात त्या माझ्याकडे पाहत, आवाज न चढवता म्हणाल्या, “तुझ्या मनात आत्महत्येचे विचार येतात का?” आणि लगेच रडल्या. घरी बोलण्याआधी त्यांचे ते रडणे माझ्यासमोर होऊन गेले, हे मला बरेच वाटले. उत्तर ‘हो’ आले तर वाद घालायचा नाही, उपदेश करायचा नाही, त्याला एकटे सोडायचे नाही आणि ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन तर मुळीच द्यायचे नाही, एवढे ठरवून त्या गेल्या.

दाराशी थबकून त्यांनी आणखी एक शंका बोलून दाखवली : “पण लॉकडाऊन कधीच संपला. तेव्हा तर हा व्यवस्थित होता. मग आत्ता का?” महासाथीची जागतिक आणीबाणी संपल्याची घोषणा जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी, म्हणजे त्याच्या महिनाभर आधीच केली होती, त्यामुळे ही शंका स्वाभाविक होती. महासाथीच्या पहिल्या वर्षात जगभरात चिंता आणि नैराश्य यांचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्याचा याच संघटनेचा अंदाज आहे. आणि तरीही सुरुवातीच्या महिन्यांतली २१ देशांची आकडेवारी तपासणाऱ्यांना आत्महत्यांमध्ये भीती होती तशी वाढ सर्वसाधारणपणे दिसली नाही. मनाचे दुखणे टाळेबंदीच्या तारखांप्रमाणे सुरू होत नाही आणि त्या तारखांना संपतही नाही.

त्याच रात्री त्यांचा फोन आला. भाऊ बराच वेळ भिंतीकडे पाहत गप्प राहिला आणि मग म्हणाला, “हो. पण ताई, तू हे कुणाला सांगू नकोस.” त्यांनी वचन दिले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघेही आले.

मी त्याला नैराश्याची तीव्रता मोजणारी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली दिली. मागील दोन आठवड्यांविषयीचे तिच्यातले आठ प्रश्न त्याने भराभर सोडवले. नवव्या प्रश्नापाशी, जो मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी असतो, त्याची पेन्सिल थांबली. ‘अर्ध्याहून अधिक दिवस’ या चौकटीत त्याने खूण केली, खोडली आणि पुन्हा तिथेच केली. २७ पैकी १९ गुण म्हणजे बऱ्यापैकी तीव्र नैराश्य. अर्थात प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे. त्याच दिवशी मी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. औषधांचा परिणाम जाणवायला काही आठवडे लागतात, आणि पंचविशीच्या आतल्या रुग्णांवर सुरुवातीच्या आठवड्यांत अधिक लक्ष ठेवावे लागते, हेही घरच्यांना समजावले.

पुढच्या दोन सत्रांत मी चुकले. टाळेबंदीत त्याला नेमके काय लागले, कोणती जखम झाली, हे मी शोधत राहिले, आणि तो सौजन्याने पण थकलेल्या आवाजात “तसं काही झालं नाही” असे सांगत राहिला. शेवटी एकदा तो म्हणाला, “मॅडम, लॉकडाऊनमध्ये मी मजेत होतो.”

मला हवे ते त्या वाक्यात होते. २०२० मध्ये महाविद्यालय बंद झाले, तेव्हा तो दुसऱ्या वर्षात होता. पदवी खोलीतच पूर्ण झाली, नोकरीही खोलीतूनच सुरू झाली. दुपारी बारापर्यंत झोपणे, मित्रांना न भेटणे, कॅमेरा बंद ठेवून बैठकीत बसणे, दोन-दोन दिवस घराबाहेर न पडणे ही एरवी नैराश्याची चिन्हे मानली गेली असती. त्या काळात ती शहाणपणाची लक्षणे ठरली, कारण सगळेच तसे राहत होते. उतार हळूहळू लागला होता, पण सगळे जग त्याच्याबरोबर उतरत असल्याने तो त्याला स्वतःलाही कळला नाही. जग पुन्हा वर चढले आणि हा खालीच राहिला, तेव्हा अंतर दिसले. कार्यालयात येण्याचा आदेश निघाल्यावर तो तिसऱ्याच दिवशी राजीनामा देऊन घरी बसला. “समोरचा बोलून थांबला की मी म्यूट काढायचं बटण शोधतोय असं वाटतं,” तो म्हणाला, “आणि तेवढ्यात दुसरं कुणीतरी बोललेलं असतं.” यातून आपण निकामी आहोत, घरच्यांवर ओझे आहोत, या निष्कर्षापर्यंत तो पोहोचला होता. एकट्या टाळेबंदीने हे केले, असे मात्र मी म्हणणार नाही. कुटुंबात नैराश्याचा इतिहास होता, झोपेची घडी पूर्ण मोडलेली होती, आणि राजीनाम्याची लाज त्यात भर घालत होती.

आम्ही दोन गोष्टी समांतर चालवल्या. पहिली, सुरक्षेची योजना, त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेली : विचार वाढू लागल्याच्या खुणा कोणत्या, तेव्हा एकट्याने काय करता येते, फोन करता येईल अशी तीन माणसे कोण, चोवीस तास चालणाऱ्या टेली-मानस मदतवाणीचा १४४१६ हा क्रमांक, आणि घरातल्या धोक्याच्या वस्तू कोण हलवणार. अशा क्षणांची तीव्रता बहुधा ओसरते. ती ओसरेपर्यंतचा वेळ मिळवून देणे, एवढेच या कागदाचे काम. दुसरी गोष्ट म्हणजे रोजच्या हालचालीची उजळणी. ठरलेल्या वेळी उठून दहा मिनिटे उजेडात उभे राहणे, हा पहिल्या आठवड्याचा संपूर्ण अभ्यास होता. सातपैकी तीन दिवस त्याने तो केला. बहीण चिडली, मला तीन हा आकडा चांगला वाटला. पुढे परिचित दुकानदाराशी दोन वाक्ये, मग एका मित्राबरोबर फेरफटका, मग एका रिकाम्या सुट्टीच्या दिवशी कार्यालयाच्या फाटकापर्यंत जाऊन परत येणे, असे करत आम्ही सरकलो. मधे एक आठवडा फार वाईट गेला. त्यातल्या एका रात्री कागदावरच्या पहिल्या माणसाने फोन उचलला नाही, दुसऱ्याने उचलला.

पाचव्या महिन्यात गुण ८ वर आले आणि नववा प्रश्न ‘अजिबात नाही’ या चौकटीत गेला. औषधे मात्र डॉक्टरांनी चालूच ठेवली आहेत. नव्या नोकरीत तो आठवड्यातून दोन दिवस प्रत्यक्ष जातो. दर रविवारी बहीण अजूनही तो प्रश्न त्याच शब्दांत विचारते, आणि तो वैतागून का होईना, उत्तर देतो. मागच्या भेटीत त्याने मोबाइलच्या कव्हरमधून घड्या पडून मऊ झालेला योजनेचा कागद काढला. तीन नावांपैकी तिसरे खोडून त्यावर त्याने दुसरे लिहिले होते. ‘हे कोण?’ असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, “ऑफिसमध्ये माझ्या शेजारी बसतो. त्याला विचारूनच लिहिलंय.”