एक्क्याऐंशीव्या वर्षी मोतीबिंदू काढावा का?

प्रश्न : माझे वडील, अण्णा, ८१ वर्षांचे आहेत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजव्यात जास्त. मधुमेह गोळ्यांवर आटोक्यात आहे. पेपर वाचणं बंद झालंय, जिना उतरताना पायाने पायरी चाचपतात. ऑपरेशनचा विषय काढला की म्हणतात, "माझे आता राहिलेत किती दिवस? कशाला पैसे घालवता?" या वयात ऑपरेशन सोसेल का? आणि त्यानंतर माणूस किती वर्षं जगतो?
– एक मुलगी, कराड

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं ते पायरी चाचपणं माझ्या डोक्यातून जात नाहीये. त्याकडे येतेच, आधी तुमचा सरळ प्रश्न.

किती वर्षं, हे कुणीच डॉक्टर सांगू शकणार नाही. पण मोतीबिंदू काढलेली आणि न काढलेली माणसं पुढे किती जगली, याचे अभ्यास झालेत. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्स भागात १९९२ पासून ४९ वर्षांपुढच्या लोकांचे डोळे तपासले गेले. त्यांतल्या मोतीबिंदूच्या ३५४ जणांवर २००७ पर्यंत लक्ष ठेवलं. ऑपरेशन होऊन नजर सुधारलेल्यांना मृत्यूचा धोका, दिसत नसूनही ऑपरेशन न केलेल्यांपेक्षा ४० टक्के कमी निघाला. तोही वय आणि इतर आजार हिशेबात धरून.

मात्र या आकड्याने हुरळून जाऊ नका. ऑपरेशनला जो येतो त्याची तब्येत मुळात बरी असते, त्याला रिक्षात बसवून आणणारं घरात कुणीतरी असतं. अंथरुणाला खिळलेल्याला कोण आणतं? त्यामुळे आयुष्य नजरेने वाढलं की ती माणसंच काटक होती, हे पुरतं वेगळं काढता येत नाही. "भिंग बसवा, आयुष्य वाढेल" असं मी कुठल्याही पेशंटला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

आता पायरी. मोतीबिंदूत नुसतं धूसर दिसत नाही, रंगातला फरक मरतो. वरच्या पायरीची कड आणि खालची पायरी एकजीव दिसायला लागते, म्हणून अण्णा पायाने शोधतात. अमेरिकेत मोतीबिंदू असलेल्या सुमारे ११ लाख वृद्धांच्या नोंदी तपासल्या, त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. ऑपरेशन झालेल्यांत पुढच्या वर्षभरात खुबा मोडण्याचं प्रमाण १६ टक्क्यांनी कमी होतं. खुबा मोडून झोपलेला म्हातारा माणूस किती लवकर खचतो, हे तुम्हीही आजूबाजूला पाहिलं असेल. मला काळजी आहे ती याची. तारीख मिळेपर्यंत आजच प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी चिकटपट्टी लावा आणि जिन्यात रात्रभर दिवा ठेवा.

सोसण्याचं म्हणाल, तर भूल फक्त डोळ्यापुरती असते. बहुतेक जण त्याच दिवशी घरी जातात. रक्तदाब आणि साखर आटोक्यात हवी. मधुमेह आहे म्हणून आधी डोळ्याचा पडदा नीट तपासून घ्या. पडदाच खराब असेल तर भिंग बसवूनही अपेक्षेइतकं दिसणार नाही, आणि हे अण्णांना आधीच माहीत असलेलं बरं. लघवीसाठी प्रोस्टेटची गोळी चालू असेल तर डोळ्याच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. काही गोळ्यांनी ऑपरेशनच्या वेळी बाहुली नीट मोठी होत नाही, बुबुळ सैल पडतं. आधी कळलं तर डॉक्टर तयारीत असतात. रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनाने बंद करू नका. आणि "पिकू दे, मग काढू" हे कृपा करून नको. फार पिकलेला मोतीबिंदू कडक होतो, काढायला अवघड जातो, कधी डोळ्यातला दाबही वाढवतो.

राहिला अण्णांचा प्रश्न. माझ्या एक पेशंट आजी ८६ व्या वर्षी ऑपरेशन करून घेऊन आठ महिन्यांनी हृदयविकाराने गेल्या. नंतर त्यांचा मुलगा भेटायला आला, तेव्हा त्याच्याशी काय बोलावं ते मला सुचेना. तोच म्हणाला, "शेवटपर्यंत आईनं वाती स्वतःच्या हातानं वळल्या. दुधात काही पडलं तर आमच्या आधी तिला दिसायचं." हे अण्णांना वाचून दाखवा.

उजवा डोळा आधी करा. आणि तारीख घेण्याआधी, पुढचे चार-सहा आठवडे डोळ्यात वेळेवर थेंब कोण घालणार, हे घरात ठरवून ठेवा.