गावातल्या पोरांना गवंडीकाम शिकवायचंय, वर्ग कसा भरवावा?
खोलीत नको, चालू बांधकामावर भरवा. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) मध्ये गवंड्यांचं 45 दिवसांचं प्रशिक्षण घरकुलाच्या कामावरच होतं; आधी पंचायत समितीत त्याची चौकशी करा.

स्वतः भरवणार असाल तर एका जाणत्या गवंड्यामागे चार-पाचच पोरं. सुरुवातीला सिमेंट देऊच नका, चिखलात भिंत रचायला लावा. संध्याकाळी पाडली की विटा धुऊन पुन्हा वापरता येतात. ओळंबा (भिंत उभी सरळ आहे का पाहायचं वजन), लाईनदोरी (थर सरळ ठेवायची ताणलेली दोरी) आणि 3-4-5 फुटांचा काटकोन (बाजू 3 आणि 4 फूट, तिरकं माप 5 फूट) हातात बसला की मग 1:6 चा माल, म्हणजे एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू. विटा भिजवायला विसरणारा एखादा निघतोच. कोरडी वीट मालातलं पाणी पिते, सांधा धरत नाही. दुसऱ्या दिवशी ती वीट त्यालाच हाताने उचलायला सांगा.

आणि रोजचा भत्ता ठेवा. मजुरी बुडवून कोण येणार?