बँडमास्तरला विचारा : माणसं बदलली तरी बँड तोच कसा राहतो?

आषाढी झाली, मुहूर्त संपले, आता तुळशीच्या लग्नापर्यंत आमची गाडी ताडपत्रीखाली आणि ट्रम्पेट-क्लॅरिनेट तालमीपुरते सोडले तर कपाटात, म्हणून साचलेली पत्रं घेऊन ओट्यावर बसलोय. नवीन वाचकांसाठी सांगतो, बँड वडिलांनी उभा केला, १९८९ पासून मी चालवतो, जळगाव-धुळे-नंदुरबार तर आहेच पण तिकडे बऱ्हाणपूर, सेंधव्यापर्यंत वाजवून आलोय.

मास्तर, मी मूळचा धुळ्याचा, सध्या पुण्यात आयटीत आहे. नाइट शिफ्टला अमेरिकेचं कंट्री म्युझिक ऐकतो. त्यात 'अस्लीप ॲट द व्हील' नावाचा बँड आहे, १९७० ला सुरू झाला, शंभराच्या वर वादक आले-गेले पण सुरुवातीपासून म्होरक्या एकच, रे बेन्सन. इतकी माणसं बदलल्यावर तो बँड तोच कसा म्हणायचा? आणि त्यांचं फिरणं आणि तुमचं फिरणं सारखंच असतं का? – एक धुळेकर, पुणे

भाऊ, तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी पुतण्याला मोबाईलवर हे लावायला सांगितलं, आमचे क्लॅरिनेटवाले आबा शेजारीच होते, त्यांना इंग्रजीचं अक्षर कळत नाही पण दोन मिनिटांत त्यांचा पाय हलायला लागला आणि म्हणाले, हे बसून ऐकायचं नाही, हे नाचायचं आहे. अगदी बरोबर ओळखलं त्यांनी. हा बँड वाजवतो ते वेस्टर्न स्विंग, म्हणजे खेड्यातल्या नाचाचं संगीत, आणि त्यातला सगळ्यात मोठा माणूस टेक्सासचा बॉब विल्स, जन्म १९०५ चा, फिडल वाजवायचा, फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच. त्याचं घराणं कापूस पिकवणारं, लहानपणी कापसाच्या शेतात काळ्या मजुरांसोबत वाढला आणि त्यांचं गाणं त्याच्या कानात बसलं ते जन्मभर. हे वाचलं तेव्हा मला एकदम आपलं माणूस भेटल्यासारखं झालं. खान्देशात कापसाला भाव मिळाला की लग्नात बँडची बोली वाढते आणि भाव पडला की तोच माणूस येऊन म्हणतो मास्तर यंदा दहाच माणसं आणा. कापूस आणि वाजंत्री यांचं नातं मला कोणी शिकवायची गरज नाही.

विल्सने गावठी फिडलच्या जोडीला ड्रम आणले, ट्रम्पेट-सॅक्सोफोन आणले, तेव्हा जुन्या लोकांना ते पटलं नाही, नॅशव्हिलचा जो ग्रँड ओल ऑप्री म्हणून कंट्रीचा मोठा रेडिओ कार्यक्रम आहे तिथे तर त्या काळी स्टेजवर ड्रम चालायचेच नाहीत. आमच्याकडे वडिलांनी पहिल्यांदा कॅसिओ, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड, आणला तेव्हा गावातले म्हातारे म्हणाले हा काय बँड झाला का, पेटीत भरलेला आवाज. आज कॅसिओ आणि इलेक्ट्रॉनिक ड्रमचं पॅड नसलेल्या बँडला सुपारी मिळत नाही.

आता तुझा मुख्य प्रश्न. १९८९ ला माझ्यासोबत जे उभे होते त्यातले फक्त आबा उरलेत. कोणी सुरतला लूमवर गेलं, एक भुसावळला रेल्वेत लागला, दोघं वारले, एकाने रिक्षा घेतली. तरी चाळीस वर्षांपूर्वी आमच्या बँडवर नाचलेली बाई आज नातवाच्या हळदीला लांबूनच ओळखते की हे तेच. ती काय ओळखते? गाणी तर दर सीझनला बदलतात. ती ओळखते आमची वळणं. कडवं संपून मुखड्यावर येताना आम्ही ताशा एक मात्रा थांबवतो, सगळा बँड त्या मात्रेला गप्प, आणि मग एकदम सगळे, हे वडिलांनी बसवलेलं आहे. नवीन पोरगा आला की मी त्याला गाणं नंतर देतो, आधी ती गप्प राहायची एक मात्रा शिकवतो, कोणाला आठ दिवस लागतात कोणाला महिना. बेन्सनकडेही असंच काहीतरी हातातून हातात जात असणार, नाहीतर शंभर माणसांनंतर आवाज टिकला नसता.

आणखी एक. विल्स वाजवता वाजवता फिडलचा गज ज्याच्याकडे रोखायचा त्याने पुढचा तुकडा एकट्याने वाजवायचा, मधेच 'आ-हा' असा हेल काढून वादकाचं नाव घ्यायचा. माझ्या तोंडाला ट्रम्पेट असतो, नाव कसं घेणार, मी भुवई उचलतो. रात्री साडेनऊला हॅलोजनच्या उजेडात, समोर दोनशे माणसं नाचतायत, आणि तरी अठरा माणसांची नजर त्या भुवईवर पाहिजे. ती नजर ज्या दिवशी हटते त्या दिवशी मला घरी गेल्यावर झोप लागत नाही.

फिरणं मात्र वेगळं आहे. ते लोक झोपायची सोय असलेल्या बसने शेकडो मैल जातात आणि मग एका जागी स्टेजवर उभे राहून वाजवतात. आमचं स्टेजच चालतं. मारोतीच्या देवळापासून मांडवापर्यंत एक किलोमीटर, आणि त्याला तीन तास, तेही मे महिन्यात, जेव्हा इकडे पारा पंचेचाळिसाला टेकलेला असतो. पितळेला हात लावता येत नाही, माउथपीस ओल्या फडक्यात गुंडाळून खिशात ठेवायचा. आणि ऊन लागलं की ट्रम्पेट, युफोनियम सगळ्यांचा सूर चढतो, कॅसिओचा चढत नाही, त्यामुळे दुपारी एकला दोघांत फरक पडायला लागतो आणि कान असलेल्या माणसाला तो दातात खडा आल्यासारखा लागतो. मग चालता चालताच सूर जुळवायची नळी, ट्यूनिंग स्लाइड, थोडी बाहेर ओढायची. थंडीत बरोबर उलटं, सूर उतरतो, ओठ फाटतात, खिशात तुपाची डबी ठेवावी लागते.

आणि मांडवाजवळ नवरीचा बाप घड्याळाकडे बघत उभा असतो, इकडे पोरं ओरडतात "मास्तर, आखो एक वाजाडा ना भो!", म्हणजे अजून एक वाजवा ना भाऊ. दोघंही आमचे मायबाप. मी काय करतो, गाणं थांबवत नाही, थांबवलं की भांडण लागतं, ड्रम आणि ताशावाल्यांना दहा पावलं पुढे काढतो, नाचणारा ठेक्याच्या मागे येतोच, असं दहा-दहा पावलं करत सगळा लोंढा मांडवाच्या दाराशी नेऊन सोडतो. हे मला वडिलांनी एरंडोलच्या एका लग्नात शिकवलं, तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो आणि झांज वाजवत होतो.

घरचं विचारशील तर ज्या दिवशी मुहूर्त त्या दिवशी आम्ही दुसऱ्यांच्या दारात. माझ्या सख्ख्या बहिणीचं लग्न आम्ही मुहूर्त नसलेल्या मंगळवारी लावलं, नाहीतर भाऊ हजर नसता. अक्खाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सगळ्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आमरस-पुरणपोळी होते, आणि मी ३६ वर्षांत एकदाही अक्खाजीच्या दुपारी घरी जेवलेलो नाही. याचं वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू.

माझे मिस्टर एका बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. सीझनला रात्री दोन-दोनला येतात. मालक म्हणतो हिशोब सीझन संपल्यावर करू, मधे फक्त उचल देतो. किराणा, मुलांची फी यासाठी दरवेळी हात पसरावा लागतो. ही पद्धतच आहे का? – एक ताई, पारोळा

ताई, पद्धत आहे, पण वाईट पद्धत आहे आणि मी हे स्वतः बँड चालवणारा माणूस म्हणून सांगतोय. उचल दिली की वादक बांधला जातो, म्हणून मालकाला ती सोयीची वाटते. माझे वडीलही उचलच द्यायचे. मी १९९६ ला बंद केली. त्याचं कारण असं झालं की एका मोठ्या घरच्या लग्नात आम्ही दोन दिवस वाजवलं, इसार म्हणून थोडे पैसे मिळाले होते, बाकीचे वरात झाल्यावर देतो म्हणाले आणि मग आज या उद्या या करत दिलेच नाहीत. मी वादकांना सांगितलं पार्टीने बुडवलं, मी काय करू. तेव्हा आमचा साइड ड्रमवाला काही बोलला नाही, खांद्यावरून ड्रम काढून माझ्या पायाशी ठेवला आणि पायी घरी गेला. आठ किलोमीटर. त्याच्या घरी मुलगी तापाने पडली होती हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

तेव्हापासून माझा नियम, पार्टीचे पैसे येवोत न येवोत, गाडीत बसायच्या आधी मांडवाच्या ट्यूबलाइटखाली प्रत्येकाच्या हातावर त्या रात्रीची मजुरी, सगळ्यात आधी ताशावाल्या पोराला आणि सगळ्यात शेवटी मला. यासाठी सीझनच्या सुरुवातीला हाताशी पैसा ठेवावा लागतो, मी दोनदा बायकोची पोत गहाण ठेवली. पार्टीकडून आता निम्मे पैसे बुकिंगला आणि उरलेले हळदीच्या रात्री घेतो, वरात निघायच्या आत, नंतर कोणी ओळख देत नाही.

तुमच्या मिस्टरांना एक वही करायला सांगा, तारीख, गाव, किती तास, किती उचल, आणि दर आठवड्याला त्यावर मालकाची सही. सही मागितली म्हणून मालक चिडला तर समजून घ्या की पैसे बुडणार. चांगल्या क्लॅरिनेटवाल्याला खान्देशात दुसरा बँड मिळायला दोन दिवस लागत नाहीत, आता वाजवणारे उरलेतच किती.

मला स्वतःचा बेंजो पार्टी ग्रुप काढायचा आहे. पण मित्र म्हणतो बेंजो अमेरिकेचा, आपला नाही. खरं का? आणि किती पैसे लागतील? – चोपडा

दादा, मित्र नावाला फसलाय. अमेरिकेच्या कंट्री म्युझिकमध्ये जो बँजो दिसतो तो कातडं लावलेला गोल, लांब दांड्याचा, तो मुळात आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांनी तिकडे घडवला. आपला बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेली तारांची पेटी, बुलबुल तरंग, ती जपानच्या ताइशोगोतोवरून आली, ते वाद्य १९१२ ला नागोयामध्ये तयार झालं. दोघांचा आपसात काही संबंध नाही. पण आपला नाही हेही मला मान्य नाही, अहिराणी गाण्यातली हुरहूर बेंजोच्या तारेवर जशी येते तशी कॅसिओवर येत नाही, ज्याने हळदीच्या रात्री लांबून ऐकलाय त्याला विचार.

पैशाचा आकडा सांगत नाही, साउंड कितीचं घेतोस त्यावर सगळं आहे. एवढं कर, पहिली दोन वर्षं साउंड आणि जनरेटर भाड्याने घे, कर्ज काढून गाडी सजवू नकोस. माझ्या डोळ्यांसमोर चार ग्रुप असे बुडाले, गाडीवर लाइटिंग झकास आणि वाजवणारा उसना.

लग्नाच्या वरातीत सिनेमाची गाणी वाजवली म्हणून लायसन्सचे पैसे भरा असा फोन आला. भरायचे का? – शहादा

नाही. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२, त्यात धार्मिक विधीला सूट आहे आणि लग्नाची वरात व लग्नातले इतर कार्यक्रम त्यात धरलेले आहेत. २०२३ च्या जुलैत केंद्र सरकारच्या खात्याने तशी जाहीर नोटीसही काढली, तिची प्रिंट गाडीत ठेवा. हॉटेलात थर्टी फर्स्टला वाजवलं तर ती सूट नाही. आणि रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, २००० सालचा नियम आहे, तो मात्र पाळा, फौजदाराशी वाद घालून पार्टीच्या लग्नाचा विचका करू नका.

मास्तर, तुमच्यानंतर बँड कोण चालवणार? – एक जुना वाचक, अमळनेर

नाना, हा प्रश्न तुम्ही तिसऱ्यांदा पाठवलाय आणि दोनदा मी टाळला. माझा मुलगा नाशिकला नोकरीला आहे, त्याला यात यायचं नाही आणि मी ओढणार नाही. पुतण्या गाडी आणि हिशोब बघतो पण त्याला सूर नाही.

१९९६ ला ज्याने माझ्या पायाशी ड्रम ठेवला होता तो महिनाभराने परत आला, मीच दोनदा त्याच्या दारी गेलो होतो, आणि मग पुढे वारेपर्यंत आमच्यातच होता. त्याची नात आता सोळा वर्षांची आहे, दहावी झाली, गेल्या दिवाळीपासून रोज संध्याकाळी आबांकडे क्लॅरिनेट शिकायला येते. बारीक चणीची आहे, सुरुवातीला फुंक पुरत नव्हती, आबांनी तिला महिनाभर नुसतं विहिरीच्या काठावर उभं राहून लांब श्वास सोडायला लावलं. गावात बोलणारे बोलतात, पोरीच्या जातीने वरातीत वाजवायचं का म्हणून, तिच्या आईलाही धाकधूक आहे आणि ती खोटी नाही, रात्रीच्या वरातीत पिऊन नाचणारे मी ३६ वर्षं बघतोय. म्हणून वरातीत तिला इतक्यात नेणार नाही.

पण श्रावणात कानबाई आहे, आमच्या खान्देशच्या देवीचा सण. रोटांच्या नैवेद्याचा रविवार झाला की सोमवारी सकाळी कानबाईची मिरवणूक निघते, डोक्यावर कानबाई घेऊन बाया पुढे, फुगड्या, सगळं गाव रस्त्यावर, त्यात तिला आबांच्या शेजारी उभी करणार आहे. काल तालमीत पहिल्यांदा पूर्ण बँडसोबत वाजवलं तिने, कडवं संपलं, ताशा थांबला, आणि ती एक मात्रा ती गप्प राहिली, मी भुवई उचलायच्या आधीच. आबांनी क्लॅरिनेट खाली घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. नाना, सोमवारी सकाळी आठला मारोतीच्या पारापासून निघणार आहोत, जमलं तर या.