गाडी आणि कायदा : 24 फुटी बॉडी बसेल का?

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या गोदामातून गावोगावी पाइप आणि सळई पोचवतो. स्वतःची गाडी घ्यायची म्हणून दोन एक्सलच्या चासीला टोकन दिलंय. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर, 4.2 मीटर. केबिनमागे, पुढच्या एक्सलपासून 70 सेंमीवर बॉडी सुरू होईल. हौदा नको, 24 फुटी सपाट बॉडी हवी. बॉडीवाला म्हणतो, कायदा 12 मीटरचा आहे, आपली साडेनऊसुद्धा भरत नाही. बांधू का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : थांबा, पत्रा कापू देऊ नका. 12 मीटर खरं, पण ती अख्ख्या गाडीची कमाल लांबी. त्याआधीच तुम्हाला दुसरं माप आडवं येतं, ते म्हणजे ओव्हरहँग. मागच्या एक्सलच्या मध्यापासून गाडी मागे किती निघते ते. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989, नियम 93 प्रमाणे ते व्हीलबेसच्या 60 टक्क्यांपुढे जाता कामा नये. तुमच्याकडे 4.2 मीटरचे 60 टक्के म्हणजे 2.52 मीटर. 24 फूट म्हणजे 7.32 मीटर; बॉडी तेवढी केली तर शेपूट 3.82 मीटर निघतं. 91 टक्के! आरटीओत पासिंगला टेप लावली की विषय संपला. आणि पासिंग बाजूला ठेवा हो, एवढ्या शेपटावर माल चढला की पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग हाताला लागत नाही आणि वळणावर मागचं टोक शेजारच्या रिक्षात घुसतं.

या चासीवर नियमात बसणारी बॉडी 6.02 मीटरची. पाइप 6 मीटरचा. पुढचा फाळका लावला की उरलेले दोन सेंमी गेले, पाइप मागे डोकावणार. पूर्वी पाइप-सळईला मागे एक मीटर सवलत होती, ती 2014 मध्ये काढली. आता बाहेर आलेल्या मालाला 20,000 रुपये दंड, शिवाय माल उतरवायचा खर्च तुमचाच.

24 फूटच हवेत तर व्हीलबेस किमान 5.02 मीटर लागेल. कंपनीकडूनच लांब व्हीलबेसची चासी मागा, टोकन वळवून मिळतं का विचारा. ‘चासी कापून वाढवून देतो’ म्हणणारे भेटतील, त्यांच्या चहालाही जाऊ नका. कंपनीचं मूळ माप बदलणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ला धरून नाही; मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. बॉडीवाल्याकडे ट्रक बॉडी कोडची (बॉडी कशी बांधायची याच्या सरकारी निकषांची) मंजुरी आहे का, तेही कागदावर बघा.

सळईचं म्हणाल तर ती 12 मीटरची येते. केबिन धरून अख्ख्या गाडीची कमाल लांबीच 12 मीटर, म्हणजे सरळ सळई या गाडीत कधीच जाणार नाही. मधोमध वाकवलेलीच मागवा. सरळच पाहिजे असेल तेव्हा भाड्याचा ट्रेलर सांगा.