ग्रामीण रुग्णालयाच्या अपघात विभागात चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाचे काम नेमके काय असते?

आपण वाशीमचे आहात, मानसशास्त्रात एम.ए. करत आहात आणि पुढे विदर्भातल्याच एखाद्या रुग्णालयात गंभीर जखमी रुग्णांबरोबर काम करण्याची आपली इच्छा आहे. अशा रुग्णांना 'मन मोकळे करायला लावणे' हेच आमचे मुख्य काम असते का, असे आपण विचारले आहे. मी पूर्व विदर्भातील एका रुग्णालयात हे काम करते आणि माझे उत्तर 'नाही' असे आहे. पहिल्या आठवड्यात तर रुग्णाकडून घटना वदवून घेण्याचे सगळ्यांचे प्रयत्न थांबवणे, हाच माझ्या कामाचा मोठा भाग असतो.

अपघातानंतर लगेच एकदाच बसवून सगळे सविस्तर सांगायला लावले की पुढचा त्रास टळतो, अशी समजूत एके काळी तज्ज्ञांमध्येही होती. अभ्यासांत ती टिकली नाही. अशा एका बैठकीने आघातोत्तर तणाव विकार, म्हणजे घटनेची भीती आणि आठवणी दीर्घकाळ छळत राहण्याचा आजार, टळत नाही आणि काहींचा त्रास वाढण्याचीही शक्यता असते, असे दिसून आले. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची जी मार्गदर्शिका काढली, तिच्यातही सुरक्षितता, तातडीच्या गरजा, आपल्या माणसांशी गाठ आणि रुग्ण आपणहून बोलेल तेवढेच ऐकणे यांवर भर आहे.

एक प्रसंग सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचायला गेलेल्या एका बाईंवर वाघाने हल्ला केला. खांदा आणि मान फाटली होती, पण त्या वाचल्या. शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर आल्यापासून वन विभागाचे कर्मचारी, पोलीस, गावातले पुढारी आणि शेजारच्या खाटेला भेटायला आलेले लोकसुद्धा त्यांना 'कसं झालं जी?' म्हणून विचारत होते. एक जण मोबाइलवर चित्रीकरण करत होता. संध्याकाळपर्यंत त्यांनी ती घटना किती वेळा सांगितली असेल, याची गणती नव्हती. मी त्यांची खाट दाराजवळून भिंतीकडे हलवून घेतली, अधिकृत जबाब एकाच वेळी आणि बहीण शेजारी असताना व्हावा म्हणून विनंती केली, चित्रीकरण बंद करायला लावले आणि रात्रीची इंजेक्शने व तपासण्या शक्य तेवढ्या एकत्र करता येतील का, हे सिस्टरांशी बोलून ठरवले. दुसऱ्या दिवशी त्या आपणहून म्हणाल्या, 'पडलं का तोच आवाज येते जी, कानातून जातच नाही.' मी त्यांना सांगितले की हा वेडेपणा नाही, भेव अंगात बसला आहे, आणि बहुतेकांच्या बाबतीत तो काही आठवड्यांत उतरू लागतो. आघातोत्तर तणाव विकाराचे निदान लक्षणे महिनाभराहून अधिक टिकल्याशिवाय करायचे नसते, हे मी त्यांच्या नवऱ्यालाही समजावले, कारण तो तिसऱ्याच दिवशी भगताकडे जायची तयारी करत होता.

दुसरी गोष्ट पुस्तकात असते, पण वॉर्डात विसरली जाते: जखमी माणूस विचित्र वागू लागला की ते मनाच्या आघातामुळेच आहे, असे आधी धरू नये. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेल्या शेतकऱ्याला ॲट्रोपिन हा उतारा दिला जातो, आणि त्याची मात्रा जास्त झाली तर तो हवेत काहीतरी वेचतो, कपडे ओढतो, नातेवाइकांना ओळखत नाही. डोक्याला मार लागलेला मुलगा आईला शिव्या देतो, आणि तिला वाटते की तो मनातले बोलतो आहे. मांडीचे हाड मोडलेला, दोन दिवस शांत असलेला माणूस तिसऱ्या दिवशी थरथरू लागतो आणि त्याला भिंतीवर किडे दिसतात; पुष्कळदा हे दारू अचानक तुटल्यामुळे होते आणि त्याने जीव जाऊ शकतो. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, त्यामुळे लाजेबरोबर कायद्याचीही भीती असते आणि 'आमचा माणूस घेत नाही' हेच उत्तर मिळते. म्हणून दारूचा प्रश्न मी दाखल होण्याच्या दिवशीच, बायकोला किंवा आईला बाजूला घेऊन, 'उपचारासाठी हवे आहे, पोलिसांसाठी नाही' असे सांगून विचारते. अशा वेळी समुपदेशन करत बसणे चूक ठरते. धावत जाऊन डॉक्टरांना आणायचे असते.

आपल्याकडे कीटकनाशकालाही 'औषध'च म्हणतात. 'त्यानं औषध घेतलं' या वाक्यात अपघात आहे, चूक आहे की जीव द्यायची इच्छा, हे कळत नाही, आणि घरच्यांना बहुधा ते तसेच राहिलेले हवे असते. त्यांची भीती गुन्ह्याची असते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार जीव देण्याचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते, तिला शिक्षा करायची नसते आणि तिच्या उपचाराची व पुनर्वसनाची जबाबदारी शासनाची असते. हे मी नातेवाइकांना सोप्या शब्दांत सांगते आणि मग रुग्णाला एकटे असताना सरळ विचारते. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. घरी जाताना टेलिमानस या शासकीय मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चिठ्ठीवर लिहून देते आणि घरातली फवारणीची औषधे कोणाच्या ताब्यात राहतील हे नावानिशी ठरवून घेते.

सोयाबीनच्या हंगामात थ्रेशरमध्ये हात गेलेले तरुण येतात. हात काढल्यानंतरही तो असल्यासारखा वाटतो, बोटे वळल्यासारखी दुखतात. हे आधी सांगितले नाही तर लोक वेड्यात काढतील म्हणून तो मुलगा गप्प राहतो. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर लवकरच मी स्वतः विषय काढते. मेंदूशास्त्रज्ञ डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी पुढे आणलेला आरशाचा उपचार, म्हणजे शाबूत हाताचे प्रतिबिंब गेलेल्या हाताच्या जागी पाहत हालचाली करणे, काहींना उपयोगी पडतो, सर्वांना नाही.

आमचे खरे अपयश सुट्टी झाल्यानंतर होते. ज्यांचा त्रास महिन्यानंतरही राहतो त्यांच्यासाठी आघातकेंद्री बोधात्मक वर्तनोपचारासारखे, म्हणजे त्या घटनेविषयीचे विचार आणि टाळाटाळ हळूहळू बदलणारे, उपचार आहेत, पण रुग्ण परत आला तरच. मानसोपचारासाठी वेगळी तारीख दिली तर तो येत नाही. म्हणून मी ड्रेसिंगच्या किंवा एक्स-रेच्या दिवशीच बोलावते. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, याचा स्त्री रुग्णांना आधार होतो; सोबत बाई आली तर तिचेही अर्धेच लागते.

त्या मोहफुलांच्या बाई ड्रेसिंगसाठी येत राहिल्या. सहाव्या आठवड्यातही त्या अंधार पडल्यावर अंगणात जात नव्हत्या. इथे भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरे जाण्याचा पाठ्यपुस्तकातला उपचार जसाच्या तसा लावता येत नाही, कारण जंगलात वाघ खरोखरच आहे आणि मोह व तेंदूपत्त्याशिवाय त्यांचे घर चालत नाही. भीती पूर्ण घालवणे हे ध्येय ठेवले असते तर मी त्यांना धोक्यात घातले असते. आम्ही अंगण, विहीर, गावाची वेस असे टप्पे घेतले आणि जंगलासाठी मात्र उजाडल्यानंतर व गटानेच जाण्याचे ठरवले. अंगणातली भीती गेली. जंगलातली सावधगिरी मी मुद्दाम राहू दिली.

आपल्या तयारीविषयी: केवळ एम.ए. पुरेसे नाही, भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. आजवर त्यासाठी चिकित्सालयीन मानसशास्त्रातला दोन वर्षांचा एम.फिल. हा प्रमुख मार्ग होता. त्याची रचना बदलत आहे, म्हणून प्रवेशापूर्वी संस्था परिषदेच्या यादीत आहे का ते पाहावे. आपल्याला वऱ्हाडी येत असेलच. इकडची, पूर्व विदर्भातली झाडीबोली कानाला सवय झाली की कळते. गोंडी किंवा माडिया बोलणारा रुग्ण आला तर दुभाषा म्हणून परिचारिका किंवा आशाताईंना बोलवावे. शाळेत जाणारे मूल तेवढे मराठी बोलते म्हणून त्याच्याच तोंडून बापाला 'तुला मरावेसे वाटते का' असे विचारायला लावू नये. मी सुरुवातीला एकदा तसे केले होते, आणि त्या मुलीचा चेहरा मला अजून आठवतो.