पोनी जाम झालीय, काढून टाकू का?

प्रश्न (काटोल तालुक्यातील एक संत्रा बागायतदार) : आजोबांचा कॅटरपिलर डी-२, चेनचा ट्रॅक्टर, गोठ्यामागे वर्षानुवर्षं उभा आहे. नंबर ५यूने सुरू होतो. डिकॉम्प्रेशनचा (सिलिंडरमधला दाब सोडायचा) दांडा ओढला की मोठं डिझेल इंजिन पहारीने फिरतं. पण ते सुरू करायला बाजूला बसवलेलं दोन सिलिंडरचं लहान पेट्रोल इंजिन, म्हणजे पोनी, पूर्ण जाम आहे. हेड काढून बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) मोजला, पावणेतीन इंच आला. एका सिलिंडरमध्ये गंजाची रेघ आहे. आमचा मिस्त्री म्हणतो, पोनी काढून टाका, ट्रकचा सेल्फ बसवून देतो. काय करावं?

उत्तर : काढू नका, भाऊ. मिस्त्रीला वाटतं की पोनीचं काम फक्त मोठं इंजिन फिरवण्याचं. तसं असतं तर सेल्फ लावून मोकळं होता आलं असतं. या डिझेलला हीटर प्लग नाही. डिझेल आधी एका छोट्या चेंबरमध्ये पेटतं आणि मग सिलिंडरमध्ये येतं, त्यामुळे गार असताना ते सहजासहजी धरत नाही. पोनी आणि डिझेल दोघांचं पाणी एकच. पोनी काही मिनिटं चालली की तेच पाणी मोठ्या ब्लॉकला ऊब देतं. पोनीचा धूरही डिझेलच्या हवा ओढणाऱ्या नळीजवळून नेलेला आहे, म्हणजे आत जाणारी हवा तापूनच जाते. शिवाय डिकॉम्प्रेशन ओढून ठेवलं तर पोनी डिझेलला आरामात फिरवत राहते, ऑइलचा काटा वर येईपर्यंत. वर्षानुवर्षं कोरड्या पडलेल्या बेअरिंगना हेच हवं असतं. सेल्फ इतका वेळ चालवला तर त्याची वायंडिंग जळेल. बॅटरी, ब्रॅकेट, रिंगगिअरला (फ्लायव्हीलच्या दातेरी कड्याला) जुळणारं पिनियन (छोटं दातेरी चाक) हा खर्च वेगळाच.

आता गंजाची रेघ. हे पाणी कुठून आलं ते कळल्याशिवाय लेथवाल्याकडे जाऊ नका. सायलेन्सरच्या उघड्या नळीतून पाऊस आत गेला असेल, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्याच्या आजूबाजूची जागा जास्त गंजलेली दिसेल आणि पिस्टनच्या डोक्यावर पाणी साचल्याची गोल खूण असेल. पण हेड गॅस्केटवर बोअरपासून पाण्याच्या भोकापर्यंत काळपट वाट गेलेली दिसली, किंवा एखाद्या जागचा कार्बन धुऊन लख्ख झाला असेल, तर गॅस्केट फुटलंय किंवा लोखंडाला तडा आहे. खालच्या ऑइलच्या चेंबरमधलं ऑइल चहासारखं दिसत असेल तर शंकाच नको. तडे बहुतेक दोन व्हॉल्व्हच्या सीटच्या मधोमध सापडतात. लाल आणि पांढरा असा दोन डब्यांचा तडा शोधायचा स्प्रे मिळतो, तो मारून बघा. त्यात दिसलं नाही तरी पाण्याच्या जॅकेटची तोंडं रबर आणि पट्टीने बंद करा, थोडी हवा भरा आणि ब्लॉक गरम पाण्यात बुडवा. बुडबुडे जागा दाखवतात. जुनं गॅस्केट खरवडताना मात्र आधी पाण्याने ओलं करा. त्या काळच्या तांब्याच्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, त्याची धूळ छातीत जाऊ देऊ नका.

जाम सोडवायला घाई करू नका. डिझेल आणि पॉवर स्टीअरिंगचं ऑइल निम्मं-निम्मं करून दोन्ही बोअरमध्ये ओता, रोज थोडं भरत राहा. मग लाकडाचा गोल ठोकळा पिस्टनवर ठेवून हलकेच टोकत जा. ट्रॅक्टर ओढून, मोठ्या इंजिनाच्या जोरावर पोनी फिरवायचा प्रयत्न कोणी सुचवला तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. कनेक्टिंग रॉड वाकतो, नाहीतर दात मोडतात. आणि आधी व्हॉल्व्ह बघा. हे साइड व्हॉल्व्हचं इंजिन आहे, हेड निघालं की व्हॉल्व्ह समोरच दिसतात. पुष्कळदा पिस्टन मोकळा असतो, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकून बसलेला असतो, आणि लोक उगीच पिस्टनवर हातोडा चालवत बसतात.

बोअर करायचा ठरला तर एक गोष्ट लक्षात ठेवा : पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर करू देऊ नका. कामठी रोडवरच्या ज्या दुकानात मी अर्धं आयुष्य रिबोअरिंगच्या मशीनवर घालवलं, तिथे असं अर्धवट काम नेहमी यायचं. दुसरीकडे वीस थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ओव्हरसाइज बोअर करून मोकळे व्हायचे आणि मग त्या मापाचा पिस्टन शोधत नागपूर पालथं घालायचे. मूळ पिस्टन मिळाला नाही तर दुसऱ्या गाडीचा जुळवता येतो, त्यात कमीपणा नाही. पण तीन मापं घेऊन दुकानात जा : बोअर, पिनची जाडी, आणि पिनच्या मध्यापासून पिस्टनच्या डोक्यापर्यंतची उंची. तिसरं माप लोक विसरतात. ते दोन मिलिमीटर जास्त आलं तर पिस्टन हेडला जाऊन भिडेल. रिंगचा गॅप दर इंच बोअरला तीन ते चार थाऊ धरा, म्हणजे तुमच्याकडे आठ ते अकरा थाऊ. रिंग बोअरमध्ये टाका, पिस्टनच्याच डोक्याने सरळ खाली ढकला आणि मग फिलर गेज घाला. हाताने ढकललेली रिंग तिरकी बसते, माप खोटं येतं.

व्हॉल्व्ह ग्राइंडिंग, टॅपेट, गॅस्केट हे नेहमीचं काम आहे, कोणताही चांगला मिस्त्री करेल. ठिणगी तयार करणारा मॅग्नेटो मात्र उघडून घ्या, नुसता पुसून परत लावू नका. नागपूरच्या उन्हात पत्र्याखाली उभ्या राहिलेल्या यंत्रात कॉइलचं जुनं व्हार्निश पाघळतं आणि गार असताना ठिणगी देणारा मॅग्नेटो तापला की गप्प बसतो. नवा कंडेन्सर, साफ पॉइंट, लोहचुंबक परत चार्ज करून घेतलेला, एवढं झालं की वायर ब्लॉकपासून पाच-सहा मिलिमीटर लांब धरून निळी ठिणगी उडते का ते बघा. हळू फिरवताना आतून ‘टक्’ असा आवाज यायला हवा. तो आला नाही तर मॅग्नेटोला झटका देणारं इम्पल्स कपलिंग चिकटलंय, दोरी ओढून हात दुखतील पण इंजिन धरणार नाही.

आता ज्या दोन जागी तुमचे पैसे खरोखर वाचतात त्या सांगतो, कारण पोनी घासून मरताना मी फारशी पाहिलेली नाही. ती मारली जाते.

पहिली जागा पेट्रोलचा कॉक. टाकी वर, कार्बोरेटर खाली. कॉक उघडा राहिला आणि कार्बोरेटरची नीडल जराशी गळली की रात्रभर पेट्रोल मुरत जाऊन ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं, बेअरिंग जातं, आणि त्या वाफेला ठिणगी मिळाली तर आगीची भीती. नवा कॉक बसवा, जुना घासून बसवू नका. सुरू करण्याआधी दर वेळी डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला की ऑइल बदलल्याशिवाय दोरीला हात लावू नका. बंद करताना कॉक बंद करा आणि कार्बोरेटर कोरडा होऊन पोनी आपोआप थांबू द्या. मॅग्नेटोचं बटण दाबून थांबवली तर बाऊलमध्ये राहिलेलं पेट्रोल सुकून जेट बुजवतं.

दुसरी जागा पिनियन. डिझेल धरलं की पिनियन आपोआप मागे उडायला हवं. तिथे फिरण्याच्या वेगाने उघडणाऱ्या छोट्या कुत्र्या (खिट्ट्या) असतात. जुन्या ग्रीसने त्या चिकटल्या तर पिनियन फ्लायव्हीलमध्येच राहतं, आणि मग मोठं इंजिन लहानाला त्याच्या ताकदीपलीकडे फिरवतं. नवे पिस्टन, नव्या रिंगा, सगळं एका मिनिटात ब्लॉकबाहेर. उलट कुत्र्यांच्या कडा गोल झाल्या असतील तर पिनियन वेळेआधी सुटतं आणि रिंगगिअरचे दात खरवडतं. हे सगळं खोलून रॉकेलमध्ये धुवा, कडांना बोट लावून बघा, स्प्रिंगा बदला. एंजिनाचं काम करणारे बहुतेक मिस्त्री इकडे बघतच नाहीत, कारण त्यांच्या लेखी हे ‘इंजिनात’ येत नाही.

प्रश्न (उमरेडहून) : पोनीत आजचं पेट्रोल चालेल का? पाइप वारंवार मऊ होतो.

उत्तर : चालतं, पण जपून. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं, आणि तुमचा पाइप त्याच्यासाठी केलेला नाही. व्हिटॉन रबराचा पाइप घ्या, कार्बोरेटरमध्ये कॉर्कचा फ्लोट असेल तर तोही बदला. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. टाकीत पेट्रोल भरून पावसाळा काढू नका. लागेल तेवढंच ओता, काम झालं की काढून मोटारसायकलमध्ये घाला. मे महिन्यात दुपारी धरत नसेल तर पाइप सायलेन्सरला लागून गेलाय का ते बघा, पेट्रोलची तिथेच वाफ होते.

प्रश्न (सावनेरहून) : असे ट्रॅक्टर आपल्याकडे आले कसे? वडील म्हणतात, कांस (शेतात माजणारं गवत) उपटायला सरकारने आणले.

उत्तर : वडिलांचं म्हणणं खरं, पण सगळ्या यंत्रांना ते लागू नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याने मागे ठेवलेले चेनचे ट्रॅक्टर घेऊन केंद्र सरकारची सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन कांसाने माजलेली जमीन मोडायला लागली. मध्य प्रांतात हे काम मोठं होतं आणि नागपूर तेव्हा त्या प्रांताची राजधानी. १९४९ मध्ये जागतिक बँकेने यंत्रांसाठी भारताला एक कोटी डॉलरचं कर्जही दिलं. पण कांसाची मुळं खोल जातात, ती उपटायला भारी नांगर आणि तो ओढणारं मोठं यंत्र लागतं. तीन टनांच्या आसपासचा डी-२ तिथे अपुरा पडला असता. ५यू ही मालिका १९४७ ते १९५७ मधली, चेनमधलं अंतर ५० इंच; बागेच्या, अरुंद जागेच्या कामाची ४० इंची मालिका वेगळी, ४यू. तुमच्याकडचं यंत्र या नंबराचं असेल, तर ते कोणा बागायतदाराने किंवा ठेकेदाराने स्वतःसाठी घेतलं असण्याची शक्यता मला जास्त वाटते. प्लेट पुसून नंबर कळवा.

प्रश्न (कळमेश्वरहून) : पोनी दुरुस्त होईपर्यंत डिझेलमध्ये ईथर मारून सुरू करू का?

उत्तर : नाही. ईथर पिस्टन वर पोचायच्या आतच पेटतं. त्या झटक्याने रिंगेच्या खाचा तुटतात, आणि मग दुरुस्ती मोठ्या इंजिनाची निघते. तोवर डिझेलचे फिल्टर बदला, टाकीच्या तळाचं पाणी काढा, पाइपमधली हवा काढून ठेवा. पोनी आली की तेही काम लागणारच आहे.