बाहेरच्या प्रयोगशाळेचा अहवाल पुरेसा आहे का?

प्रश्न : वाळूज औद्योगिक वसाहतीत आमचा औषधी गोळ्या तयार करण्याचा लहान कारखाना असून काही चाचण्या आम्ही बाहेरच्या प्रयोगशाळेकडून करून घेतो. प्रयोगशाळा मान्यताप्राप्त आहे, दरही परवडतो. मग तिच्या अहवालावर विसंबून माल विक्रीस पाठवण्यात काय गैर आहे?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : अहवालावर विसंबावे, पण केवळ त्याच्यावर नव्हे. ‘नमुना ३७’ (औषध नियमांतील फॉर्म ३७) मधील मान्यता म्हणजे प्रयोगशाळेला काम करण्याची परवानगी; तुमच्या गोळीची चाचणी तिला नीट जमते, असा त्याचा अर्थ होत नाही. काम बाहेर दिले तरी मालाची जबाबदारी परवानाधारकाकडे, म्हणजे तुमच्याकडेच राहते. डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचित झालेल्या सुधारित शेड्यूल एमनेही (औषधनिर्मितीच्या चांगल्या पद्धतींचे नियम) अशा कामासाठी दोन्ही पक्षांच्या जबाबदाऱ्या स्पष्ट करणारा लेखी करार अपेक्षिला आहे.

निवड करताना दरपत्रकाआधी प्रत्यक्ष भेट द्यावी. दाखवण्यासाठी ठेवलेली स्वच्छ दालने पाहून परत येऊ नये, तर एखादा जुना अहवाल घेऊन उलट्या क्रमाने मागे जावे : क्रोमॅटोग्राम (चाचणी यंत्राने काढलेला आलेख), वजनकाट्याची छापील पावती, उपकरणाची नोंदवही, प्रमाण पदार्थाच्या (तुलनेसाठी वापरायच्या शुद्ध नमुन्याच्या) वापराची नोंद. ज्या वेळी तुमचा नमुना एचपीएलसीवर (औषधातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) होता असे अहवाल म्हणतो, त्याच वेळी नोंदवहीत दुसऱ्याच ग्राहकाचे काम दिसले, तर पुढे काही विचारण्याची गरज उरत नाही.

काम सुरू झाल्यावर, स्वतः तपासलेल्या बॅचचा नमुना अधूनमधून नव्या सांकेतिक क्रमांकाने पाठवून निकाल ताडून पाहावा. वर्षभरात एकही निकाल मर्यादेबाहेर गेला नाही, यावर समाधान मानण्यापेक्षा मी तरी आधी शंका घेईन. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना नमुना कुरिअरच्या गाडीत किती तास राहतो, हेही पाहावे. त्यातला दोष प्रयोगशाळेचा नसतो.

वातानुकूलन यंत्रणेची देखभाल, उपकरणांचे कॅलिब्रेशन (मापे अचूक आहेत ना, याची पडताळणी) आणि कीडनियंत्रण या बाहेर दिलेल्या कामांवरही देखरेख हवीच, मात्र ती जोखमीच्या प्रमाणात. बागेची निगा राखणाऱ्या कंत्राटदाराचे ऑडिट करत बसू नये.

करारात दोन कलमे आवर्जून घालावीत. तुमच्या लेखी संमतीशिवाय नमुना तिसऱ्या प्रयोगशाळेकडे जाऊ नये. आणि निकाल मर्यादेबाहेर आल्यास त्याच दिवशी तुम्हाला कळवावे, तुम्हाला न विचारता फेरचाचणी करू नये. दुसऱ्या कलमावर प्रयोगशाळा घासाघीस करू लागली, तर दुसरी शोधावी.